जुना सॉलिड-स्टेट गिटार अ‍ॅम्प: वाचकांचे प्रश्न

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार कशी पारखावी यावर या सदरात लिहिलं, आणि नंतर आलेली बहुतेक पत्रं गिटारबद्दल नव्हती, अ‍ॅम्पबद्दल होती. म्हणून या वेळी फक्त तेच: घरी सरावासाठीचे, १० ते ४० वॅटचे, व्हॉल्व्ह (म्हणजेच ट्यूब) नसलेले, ट्रान्झिस्टरवर चालणारे जुने अ‍ॅम्प. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

मुलगा इलेक्ट्रिक गिटार शिकतोय. जुने तीन अ‍ॅम्प सापडलेत: मार्शल एमजी१५सीडी, पीव्ही रेज १५८ आणि स्ट्रेंजरचा एक क्यूब. पीव्हीवाला "ट्यूब साउंड आहे" म्हणून जास्त मागतोय. बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं? (एक पालक, खामला)

आधी "ट्यूब साउंड"चा निकाल लावू. पीव्हीच्या "ट्रान्सट्यूब" या नावात ट्यूब आहे, डब्यात नाही. ट्रान्झिस्टरचं सर्किट व्हॉल्व्हसारखं वागावं म्हणून केलेली ती रचना आहे, आणि ती बरी जमलीय. पण त्या नावाचे वेगळे पैसे द्यायचं कारण नाही. मार्शलच्या जुन्या व्हॉल्व्हस्टेट ८०४० किंवा ८०८० मध्ये एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह खरोखर असतो, तोही फक्त प्रीअ‍ॅम्पमध्ये. पॉवरचा भाग तिथेही ट्रान्झिस्टरचाच.

एमजी आणि रेज दोन्ही १५ वॅट, ८ इंची स्पीकर. स्ट्रेंजरचे क्यूब वेगवेगळ्या वॅटचे येतात. त्याचे सुटे भाग आणि तो उघडायला तयार असलेला मेकॅनिक आपल्याकडे सहज मिळतो, ही त्याची जमेची बाजू. पण इतक्या जुन्या मालात नावापेक्षा हालत महत्त्वाची. अशा अ‍ॅम्पमध्ये महाग गोष्टी दोनच असतात, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. जॅक, पॉट (नॉबमागचा फिरणारा भाग), फ्यूज, वायर, अगदी आउटपुटचा आयसीसुद्धा किरकोळ खर्चात बदलून होतो. म्हणून लक्ष त्या दोघांवर ठेवा.

विकणाऱ्याला फोनवरच सांगा की अ‍ॅम्प आधीपासून चालू करून ठेवू नका. थंड अ‍ॅम्प सुरू होताना जे सांगतो ते तापलेला सांगत नाही. जाताना स्वतःची गिटार, स्वतःची चांगली केबल, टॉर्च आणि जमल्यास मल्टिमीटर न्या. तिथली केबल खराब निघाली तर दोष कुणाचा यावर वाद घालण्यात अर्धा तास जातो.

पिन लावण्याआधी मागची पट्टी वाचा. तिथे २३० किंवा २४० व्होल्ट लिहिलेलं हवं. १२० किंवा १०० असेल तर पुढचा प्रश्न आधी वाचा. फ्यूज होल्डर उघडून बघा. आत फ्यूजवर चांदीचा (सिगारेटच्या पाकिटातला असतो तसा) कागद गुंडाळलेला किंवा तांब्याची तार लावलेली दिसली तर समजा की फ्यूज वारंवार जात होता आणि कारण कुणी शोधलं नाही.

आता सगळे व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा आणि नजर स्पीकरच्या कागदावर ठेवा. हलकासा "ठप्" चालतो. कागद जोरात पुढे किंवा मागे जाऊन तिथेच थबकला आणि मोठी घरघर आली, तर ताबडतोब बंद करा. आउटपुटचा आयसी शॉर्ट झालाय आणि स्पीकरमध्ये डीसी जातोय. अशा अवस्थेत कॉइल बघता बघता जळते.

शून्य व्हॉल्यूमला कान जवळ नेल्यावर ऐकू येणारी बारीक हमिंग सामान्य. खोलीच्या दारातून ऐकू येत असेल तर फिल्टर कपॅसिटर सुकलेत. काम स्वस्तात होतं, पण भाव करताना ते धरा. मग गिटार लावून प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, पंधरा वर्षांच्या पॉटमध्ये ती येणारच. एखाद्या जागी आवाज पूर्ण तुटत असेल तर तो पॉट बदलावा लागेल.

स्पीकरसाठी अ‍ॅम्प बंद करून जाळी काढता आली तर दोन्ही हातांच्या बोटांनी कागद कडेच्या चार बाजूंनी एकसारखा, अगदी हळू आत दाबा. किरकिर आवाज किंवा घासल्यासारखं लागलं तर कॉइल सरकलीय, स्पीकर गेला. जाळी निघत नसेल तर मध्यम आवाजात सगळ्यात जाड तार वाजवा. फडफड आली तरी लगेच निष्कर्ष काढू नका. हँडल, मागचा पत्रा आणि स्पीकरचे स्क्रू हाताने दाबून पुन्हा ऐका. बहुतेकदा सैल स्क्रूच असतो.

पंधरा मिनिटं वाजवू द्या. मग मागच्या पत्र्यावर हात ठेवा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर नको. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने जळक्या वार्निशचा वास आला तर तिथून निघा, कितीही स्वस्त दिला तरी. आणि "काल चालू होता" म्हणणाऱ्याचा बंद अ‍ॅम्प घ्यायचाच असेल तर नुसत्या स्पीकरची आणि पेटीची किंमत द्या, त्यावर एक रुपया नको.

मामांनी अमेरिकेहून येताना फेंडर फ्रंटमॅन आणला. मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. साधा पिन अ‍ॅडॅप्टर लावून चालेल का? (जरीपटका)

नाही. पिन अ‍ॅडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. १२० च्या प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटकडच्या वेटोळ्याला) आपले २३० दिले तर नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, २३० ते ११०. अ‍ॅम्पच्या मागे जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुपटीपेक्षा थोडा मोठा. म्हणजे मागे ४० वॅट असेल तर १०० व्हीए. ट्रिमर किंवा हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके, चपटे इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर अजिबात नकोत. त्यांच्यातून साइन वेव्ह येत नाही, अ‍ॅम्प भुणभुणतो आणि तापतो. वजन हीच ओळख: खरा ट्रान्सफॉर्मर हातात जड लागतो.

दुकानात सगळ्यात जास्त नजरेतून सुटते ती अर्थिंगची गोष्ट. अनेक स्वस्त स्टेप-डाउन डब्यांचं आउटपुट दोन पिनचं असतं. तुमच्या अ‍ॅम्पची तिसरी पिन तिथे अडकते, मग कुणीतरी ती कापतो किंवा अ‍ॅडॅप्टर लावतो, आणि अ‍ॅम्पचा पत्रा अर्थविना राहतो. गिटारच्या तारा त्याच पत्र्याला जोडलेल्या असतात. डबा घेताना तीन पिनचं सॉकेट बघा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून इनपुटच्या अर्थ पिनपासून आउटपुटच्या अर्थ भोकापर्यंत बीप येतो का तपासा. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटाचं काम.

५० हर्ट्झचा मुद्दाही आहे. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा किती भरतो हे व्होल्ट भागिले हर्ट्झ यावर ठरतं. अमेरिकेत १२० भागिले ६० म्हणजे २. इथे ११० भागिले ५० म्हणजे २.२, म्हणजे १० टक्के जास्त. एवढं बहुतेक ट्रान्सफॉर्मर सोसतात, फक्त थोडे जास्त तापतात आणि बारीक गुणगुणतात. म्हणून १२० आउटपुटपेक्षा ११० चा डबाच बरा. आपल्या लाइनला कधी २५० येतात, तेव्हा तोच डबा १२० देऊ लागतो आणि आकडा २.४ वर जातो. एक तासाने ट्रान्सफॉर्मर चटका देत असेल तर दुसरा उपाय करा.

दुसरा उपाय म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मरच बदलणं. तो खोलीत ठेवलेल्या जड डब्यापेक्षा कायमचा आणि नीटनेटका. मेकॅनिकने सेकंडरीचे (बोर्डाकडच्या वेटोळ्याचे) एसी व्होल्ट मोजायचे, समजा १६-०-१६ निघाले, तर त्याच व्होल्टचा, २ अँपिअरचा, २३० प्रायमरीचा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. सोबत प्रायमरीचा फ्यूजही निम्म्या अँपिअरचा करायचा, कारण व्होल्ट साधारण दुप्पट झाले की करंट निम्मा होतो. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. काही मॉडेलच्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीची दोन वेटोळी असतात, समांतर जोडली तर १२०, सिरीजमध्ये जोडली तर २४०. प्रायमरीच्या बाजूने चार वायर येत असतील तरच हा विचार, आणि तोही सर्किटचा नकाशा समोर ठेवूनच. वेटोळी उलट जोडली गेली तर शॉर्टच होतो.

जपानचा १०० व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर डबा १०० चाच घ्या, ११० चा नको. हर्ट्झची काळजी मात्र सहसा नसते, कारण जपानमध्ये पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० असे दोन्ही चालतात.

मे महिन्यात तारांना हात लावला की झिणझिण्या येतात आणि अ‍ॅम्प घुरघुरतो. हिवाळ्यात हाच अ‍ॅम्प शांत होता. अ‍ॅम्प बिघडला का? (महाल)

बहुधा नाही. घराचं अर्थिंग बघा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात आणि अर्थच्या रॉडभोवतीची पकड सुटते. कोरड्या मातीतून करंट जमिनीत उतरत नाही. त्यात घरात कूलर सुरू असतो. त्याच्या मोटरचा किंवा पंपाचा थोडा लीकेज त्याच अर्थच्या वायरवर येतो, ती जमिनीत उतरत नसेल तर परत तुमच्या अ‍ॅम्पच्या पत्र्यावर, तिथून तारांवर.

मल्टिमीटर एसीवर लावून सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये २०-३० किंवा जास्त दिसले तर अर्थ सुटलाय. उलट मापं बरोबर आली म्हणून निर्धास्तही होऊ नका. डिजिटल मीटर एवढा कमी करंट घेतो की अर्धवट तुटलेल्या अर्थवरही पूर्ण व्होल्ट दाखवतो. भार टाकून तपासणं इलेक्ट्रिशियनचं काम, ते त्याच्याकडूनच करून घ्या. अर्थच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालणं ही जुन्या घरांतली सवय बरोबर होती. नवीन घरांत तो खड्डा कुठे आहे हेच कुणाला माहीत नसतं.

अर्थ दुरुस्त होईपर्यंत अ‍ॅम्प लावू नका. कूलर बंद करून वाजवणं हा उपाय नव्हे. आरसीसीबी (लीकेज होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, तो एमसीबीपेक्षा वेगळा असतो.

घुरघुरीचा थोडा भाग वेगळ्या कारणाने असू शकतो. गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला तर तो पिकअप हवेतून ओढतोय. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या नंबरवर असताना सगळ्यात वाईट भुणभुण देतो. पंखा पूर्ण वेगात किंवा बंद ठेवून बघा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर बसल्या जागी वळून गिटारची दिशा बदला, एका कोनात आवाज जवळजवळ मरतो. कूलरच्या थेट वाऱ्यात अ‍ॅम्प ठेवू नका, त्या दमट हवेने जॅकच्या आतल्या पत्त्या काळ्या पडतात.

आवाज मध्येच जातो, वरून चापट मारली की येतो. मेकॅनिक म्हणतो पूर्ण बोर्ड बदला. (कामठी)

बोर्ड बदलू नका. चापटीने येणारा आवाज म्हणजे कुठेतरी धातू धातूला नीट टेकत नाही, एवढंच.

अ‍ॅम्पच्या मागे किंवा पुढे सेंड-रिटर्नचे (बाहेरचा इफेक्ट जोडायचे) जॅक असतील तर गिटारचीच एक छोटी केबल दोघांमध्ये जोडा. आवाज टिकला तर दोषी तो रिटर्नचा जॅक. त्यात काही लावलेलं नसताना सिग्नल एका बारीक पत्तीवरून पुढे जातो, ती पत्ती काळी पडली की आवाज तुटतो. हेडफोनच्या जॅकचंही तसंच, त्याच्या पत्तीवरून स्पीकरचा पूर्ण करंट जातो. अ‍ॅम्प बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, रिकामी पिन वीसेक वेळा आत-बाहेर करा. गंज काढायचा साधा स्प्रे नको, मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

एवढ्याने भागलं नाही तर इनपुट जॅक. या अ‍ॅम्पमध्ये जॅक प्लॅस्टिकचा असतो आणि थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. केबलला पाय अडकला की सगळा झटका त्या चार-पाच सोल्डरवर येतो. बोर्ड काढून उलटा करा, टॉर्च तिरका धरा. चांगलं सोल्डर चकचकीत आणि पिनच्या अंगाला चढलेलं दिसतं. सुटलेल्या सोल्डरमध्ये पिनभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते, आणि जॅक बाजूने हलवला की पिन त्या रेघेत हलते. जुनं सोल्डर शोषून काढा, मग नवीन भरा. जुन्यावरच सोल्डरिंग आयर्न टेकवून वितळवलं तर काही महिन्यांत तीच रेघ पुन्हा येते. बोर्ड उघडाच आहे तर पॉटच्या पिना, ट्रान्सफॉर्मरच्या वायरी येतात ते टोक आणि मोठ्या सिरॅमिक रेझिस्टरची टोकंही तशीच बघून घ्या. जॅकचं नट सैल असेल तर तेच पुढच्या बिघाडाचं मूळ, ते कसून ठेवा.

सीताबर्डीच्या बाजारातून टीडीए२०३० हा आउटपुटचा आयसी आणून बसवला. दोनदा जळला. आयसी नकली असेल का? (हिंगणा रोड)

नकली असू शकतो, बाजारात ते भरपूर आहेत. पण दोनदा जळलाय म्हणजे आधी व्होल्टेज मोजा. साधा टीडीए२०३० जास्तीत जास्त अधिक-उणे १८ व्होल्ट सोसतो, २०३०ए अधिक-उणे २२, टीडीए२०५० अधिक-उणे २५, एलएम१८७५ अधिक-उणे ३०. चौघांच्या पाच पिना एकाच क्रमाने, त्यामुळे दुकानदार एकाच्या जागी दुसरा सहज देतो. आता हिशेब करा. ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ असेल तर डीसी होतो साधारण २०. भार नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर आणखी दहा-पंधरा टक्के वर जातो, म्हणजे २३. घरची लाइन २५० वर असेल तर २५. साधा २०३० पहिल्याच संध्याकाळी जाणार आणि २०३०ए सुद्धा मर्यादेबाहेर. तिथे एलएम१८७५ लावा. फक्त तो दहापट किंवा जास्त गेनवरच स्थिर राहतो. अशा सर्किटात गेन बहुधा त्याच्या वर असतोच, तरी दुसऱ्या पिनेवरच्या फीडबॅकच्या दोन रेझिस्टरचं गुणोत्तर तपासून घ्या.

बसवताना होणारी मोठी चूक: या सगळ्या आयसींचा पाठचा धातू उण्या सप्लायला जोडलेला असतो. हीटसिंक बहुतेक पत्र्याला, म्हणजे अर्थला. मधला अभ्रक फाटला किंवा स्क्रूची प्लॅस्टिकची बुशिंग राहिली की उणा सप्लाय थेट शॉर्ट. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्या, स्क्रू कसा, आणि आयसीचा धातू व हीटसिंक यांच्यात कंटिन्युइटी तपासा. बीप यायला नको.

मग आउटपुटपासून ग्राउंडकडे जाणारी जोडी बघा: १ ते १० ओहमचा एक रेझिस्टर आणि ०.१ किंवा ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हा रेझिस्टर काळा पडला असेल तर आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच वाजत होता आणि त्यातच तापून गेला. रेझिस्टर बदलल्याशिवाय तिसरा आयसी लावू नका.

चालू करायची पद्धत अशी. स्पीकरच्या वायरी काढा. ६० वॅटचा फिलामेंट बल्ब लावलेल्या सिरीज बोर्डमधून सप्लाय द्या; एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट बाकी आहे. नंतर स्पीकरच्या वायरींवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. एक व्होल्ट दिसला तरी स्पीकर जोडू नका. बोर्डात हात घालण्याआधी मोठे कपॅसिटर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय असेल तर सोडा. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे या अ‍ॅम्पमध्ये जिवाला धोका होईल एवढे व्होल्ट नसतात. जीव घेते ती फ्यूज आणि स्विचच्या टोकांवरची २३०, ती टोकं नळीने झाका.

डिस्टॉर्शन लावलं की मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज येतो. पेडल घ्यावं का? (धरमपेठ)

आधी नॉब हलवा, ते फुकट आहे. जुन्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन दोन डायोडवर सिग्नल कापून होतं. गेन पूर्ण केला की कडा धारदार होतात आणि ८ इंची स्पीकर तेच जास्त दाखवतो. गेन ४ च्या आत, ट्रेबल ३-४, मिडल किमान ६, बास ५ आणि आवाज मास्टरने वाढवा. मिडल शून्य करून मिळणारा आवाज एकट्याने खोलीत भारदस्त वाटतो, दुसरं वाद्य सुरू झालं की गिटार गायब. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर खुर्चीवर ठेवा. तुम्ही गुडघ्याशी असलेल्या स्पीकरवर ट्रेबल वाढवत बसता आणि समोरच्याच्या कानात तो टोचतो.

पेडल घ्याल तर ओव्हरड्राइव्ह घ्या आणि ते अ‍ॅम्पच्या क्लीन चॅनेलमध्ये लावा. डिस्टॉर्शनवर डिस्टॉर्शन चढवलं की पोळं मोठंच होतं.

याच अ‍ॅम्पमध्ये अकॉस्टिक गिटार, कीबोर्ड, माइक लावता येईल का? (वर्धा)

लावल्याने बिघडणार नाही, आवाज कमी ठेवला तर. पण गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ गप्प असतो, त्यामुळे अकॉस्टिक कोंदट आणि गाणं पांघरुणातून आल्यासारखं येतं. कीबोर्डच्या खालच्या सुरांनी मात्र छोटा स्पीकर फाटू शकतो. माइकचा सिग्नल एवढा बारीक असतो की गेन चढवावा लागतो आणि शिट्टी येते. या तिघांसाठी वेगळा कीबोर्ड अ‍ॅम्प बघा.

हेडफोन एकाच कानात वाजतो. (सदर)

अ‍ॅम्पचा हेडफोन जॅक मोनो आहे आणि तुमचा हेडफोन स्टिरिओ. मोनोतून स्टिरिओ करणारा अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो लावा. उलटा आणू नका.

आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात ड्रमसोबत १५ वॅट पुरत नाही. ३० वॅटचा जुना घेतला तर पुरेल? (मानेवाडा)

१५ चे ३० केल्याने फक्त ३ डेसिबल मिळतात, फरक जाणवतो पण ड्रमसमोर नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. स्पीकर बदलून जास्त मिळतं. ८ इंची साधा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९० च्या घरात डेसिबल देत असेल आणि चांगला १२ इंची ९७, तर ते पाचपट वॅट घेतल्यासारखं आहे.

बाहेरचा १२ इंची कॅबिनेट जोडताना ओहम पाळा. अ‍ॅम्पवर ८ ओहम लिहिलं असेल तर ८ किंवा १६ चालेल, १६ ला आवाज थोडा कमी. ४ नको. आतला ८ तसाच ठेवून बाहेरचा ८ समांतर जोडला की ४ होतात, हीच चूक नेहमी होते. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, ४ चा साडेतीनच्या आसपास, त्यावरून ओळखा. आणि नवीन जॅक बसवायचा तर प्लॅस्टिकचा, पत्र्यापासून वेगळा राहील असा. व्हॉल्व्हस्टेटसारख्या अनेक अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची उणी वायर थेट ग्राउंडला जात नाही, एका अंशात्मक ओहमच्या रेझिस्टरमधून जाते. आवाजाचा पोत त्यावर ठरतो. धातूचा जॅक पत्र्याला लावला की तो रेझिस्टर वगळला जातो आणि अ‍ॅम्प एकदम निर्जीव वाजू लागतो.

सगळ्यात सोपं मात्र हे: मंडळाचा साउंडवाला असतोच. तुमचा अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, जाळीपासून तीन-चार सेंटीमीटरवर, कागदाच्या मध्यापासून थोडा बाजूला माइक लावायला सांगा. अ‍ॅम्प तुम्हाला ऐकू येण्यापुरता, बाकी काम पीएचं, म्हणजे साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरचं.

माळ्यावर बरीच वर्षं बंद पडलेला रोलँड क्यूब आहे. थेट लावू का? सगळे कपॅसिटर बदलावे लागतात म्हणे. (प्रतापनगर)

थेट नको. आधी मागची पट्टी बघा, जुने क्यूब १०० व्होल्टचेही येतात. वायरचं रबर वाकवून बघा, तडा गेला असेल तर तीन कोरची नवीन वायर बसवा आणि हिरवी अर्थची वायर पत्र्याला स्वतंत्र स्क्रूने कसा. मग वर सांगितलेल्या सिरीज बोर्डवर दहा-पंधरा मिनिटं, स्पीकर न जोडता.

कपॅसिटर सगळे बदलायची गरज नसते. फुगलेले, बुडाशी ओलसर तपकिरी डाग असलेले आणि पॉवर सप्लायचे दोन मोठे एवढेच बघा. मोठे बहुधा २२०० मायक्रोफॅरडच्या आसपास असतात. बदलताना व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे घ्या, ८५ चे नको. आपल्या उन्हाळ्यात बंद पेटीत ६० अंश सहज होतात. उणं टोक उलटं बसलं तर तो फुटतो, म्हणून जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बोर्डावर चिन्ह छापलेलं असतंच असं नाही.